साळुंकीने घरटं का हलवलं?

२ फेब्रुवारी, सोमवार
आत्याच्या ऑफिसात रुजू झालो. कॉलेज सोडल्यापासूनचं पहिलं ठोस पाऊल. (सोडलं. काढलं नाही. प्रोफेसरने माझ्या उत्तराला शून्य दिलं, मी पेपर त्याच्या टेबलावर आपटला आणि ताठ मानेने बाहेर पडलो.) बाबांचं म्हणणं वेगळं आहे. बाबांचं म्हणणं नेहमीच वेगळं असतं.
काम सोपं. शाळेत जायचं, तिसरी-चौथीच्या एकेका मुलाला मजकूर वाचायला द्यायचा, प्रश्न विचारायचे आणि मूल बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. कधी गोष्ट, कधी सूचना, कधी तक्ता, कधी पत्र. वाचतात सगळीच, पण कळतं किती, हे आत्याला शोधून काढायचंय. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही आणि चिडायचं तर मुळीच नाही, असं तिने बजावलं. मी म्हटलं, मी कधी चिडतो? आत्याने टेबलावरचा पेपरवेट आपल्याकडे ओढून घेतला.
संकल्प: १) सहा महिन्यांत ऑफिस माझ्या हातात. २) राग बंद.
ता. क. मुलांची उत्तरं तपासून कॉम्प्युटरवर चढवणारी मुलगी माझ्या शेजारीच, खिडकीशी बसते. संकल्प १ जरा लांबणीवर.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ती स्वतःहून बोलली! ही खुर्ची तुमची का, असं विचारलं. म्हटलं, तुमचीच समजा. मग उचला, वाटेत येतेय, म्हणाली. दुसऱ्याच दिवशी इतका हक्काचा सूर.

५ फेब्रुवारी, गुरुवार
तिच्या टेबलाच्या कडेवर बसून प्रोफेसरचा किस्सा सांगितला. चौथ्यांदा. तिला तो इतका भिडतो की ऐकताना ती डोळे मिटून कपाळ दाबत बसते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
तिने टेबल हलवलं. थेट मागे, प्रिंटरजवळ. तिथे उजेड नाही, वारा नाही, वर प्रिंटरची घरघर. खिडकी सोडून अशा कोपऱ्यात कोण शहाणं जाईल? पण प्रिंटरकडे मला सारखं जावं लागतं, हे तिने बरोबर हेरलं. काय डोकं आहे!
दुपारी आणखी एक योग. मजकूर लिहिणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. नवे मजकूर कोण लिहील, असं आत्याने विचारलं. मी हात वर केला. दोन्ही. माझं प्रत्येक वाक्य आणि त्यावरचं मुलांचं प्रत्येक उत्तर आता तिच्या डोळ्यांखालून जाणार. समोर बसून जे जमलं नाही ते कागदावर जमवतो.

९ फेब्रुवारी, सोमवार
पहिली गोष्ट तयार. साळुंकी घरटं बांधत असते. पोपट रोज फांदीवर येऊन बसतो आणि विचारतो, मदत करू का? साळुंकी म्हणते, नको. पोपट तिला आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतो. एक दिवस साळुंकी घरटं उचलून दुसऱ्या झाडावर नेते. प्रश्न: साळुंकीने घरटं का हलवलं?
नमुना उत्तर लिहिणाऱ्यानेच द्यायचं असतं. दिलं: पोपटाने आपल्यामागे यावं म्हणून.
आत्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाली, असू दे, मुलं काय म्हणतात ते बघू.

१० फेब्रुवारी, मंगळवार
शाळा. जिन्याखालची खोली. बाक इतकं बुटकं की माझे गुडघे माझ्याच हनुवटीला.
पहिला आला तिसरीतला, पुढचे दोन दात नसलेला. अडखळत वाचलं आणि उत्तर मात्र ताडकन दिलं: पोपट डोकं खातो म्हणून. विचारलं, कशावरून? (हे विचारावंच लागतं. मुलाने मजकुरातली ओळ बोट ठेवून दाखवायची असते.) त्याने पोपटाच्या एकूण एक वाक्यावर बोट ठेवलं. बोटाला जॅम लागला होता. पोपट चिकट झाला.
मग चौथीतली चष्मेवाली. म्हणाली, दादा, साळुंकी नको म्हणालीय ना? म्हटलं, सर म्हण. म्हणाली, सर, साळुंकी नको म्हणालीय ना?
एकाही मुलाला उत्तर आलं नाही. शिक्षणाची पार वाट लागली आहे. रिपोर्टमध्ये कडक शब्दांत लिहिणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
तिने टेबलावर कागद चिकटवलाय. मोठ्या अक्षरांत: या टेबलावर कृपया बसू नये. कामाच्या वेळात गोष्टी सांगू नयेत. शिस्तीची आहे. अशा बाईच्या हाती संसार सुखात चालतो.
शिवाय मला आयता मजकूर मिळाला! प्रकार: सूचना. प्रश्न: ही सूचना कोणासाठी आहे? नमुना उत्तर: सर्वांसाठी.
संध्याकाळी दुसऱ्या शाळेत विचारून आलो. मुलं म्हणतात, एकाच माणसासाठी. एक तर म्हणाला, तो माणूस आधी बसला असणार, नाहीतर कागद कशाला चिकटवतील? पोरांची कल्पनाशक्ती नको तिथे धावते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रकार: तक्ता. आठवडाभर मनात टिपलेलं कामी आलं. दोन कर्मचारी, त्यांच्या चहाला जायच्या आणि चहावरून उठायच्या वेळा. प्रश्न: तक्त्यावरून काय दिसते? नमुना उत्तर: दोघांच्या वेळा जुळत चालल्या आहेत.
दात नसलेल्या पठ्ठ्याने तक्ता उभा वाचला, आडवा वाचला, आणि खो खो हसायला लागला. हा आला की ती उठते, म्हणाला. हा लवकर येतो, ती लवकर उठते. हा उशिरा येतो, ती उशिरा उठते. पकडापकडीत आमच्याकडे पण असंच असतं, म्हणाला.
शांत राहिलो. पेन्सिल आपोआप मोडली.

१५ फेब्रुवारी, रविवार
आईला सांगून टाकलं. मुलगी सापडली आहे, पुढच्या रविवारी चहाला घेऊन येतो. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, काय बोलता रे तुम्ही? सगळं सांगितलं. खुर्ची, टेबल, प्रिंटर, कागद, चहा. आई म्हणाली, अस्सं. बाबांनी पेपर वर धरला. पेपरमागे खांदे हलत होते. भावना अनावर झाल्या असाव्यात.
आता आठवडाभरात तिचा होकार तेवढा घ्यायचा राहिला. निव्वळ औपचारिकता.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आज सोक्षमोक्ष लावला. प्रकार: पत्र. पोपटाचं साळुंकीला. प्रिय साळुंकी, तू बोलत नाहीस, पण मला सगळं समजतं. तू झाड बदललंस, त्यातलाही इशारा कळला. रविवारी माझ्या घरी ये. तुझाच, पोपट. प्रश्न: साळुंकीलाही पोपट आवडतो, हे कशावरून कळते? नमुना उत्तर: तिने झाड बदलले त्यावरून.
सगळ्यांनंतर आलेल्या चष्मेवालीने पत्र तीनदा वाचलं. शेवटी म्हणाली, सर, प्रश्न चुकलाय. ह्यात सगळं पोपटच बोलतोय. तिचं मत कुठे लिहिलंय?
मी तिला शांतपणे समजावलं की काही गोष्टी ओळींच्या मधे असतात. तिने दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे?
पुढचं नीट आठवत नाही. शाळेच्या बाई सांगतात मी ओरडलो. बाक मी मुद्दाम पाडलं नाही, उठताना गुडघ्यात अडकलं. बाईंनी मला व्हरांड्यात उभं केलं. चष्मेवालीने बाहेर येऊन पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाली, सर, मलाही गणितात असंच होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
रिझाइन केलं. आत्याने कागद न वाचता त्याची होडी केली आणि पेपरवेटखाली ठेवली. दुपारी रिझाइन मागे घेतलं. आत्या म्हणाली, शाळेत जाऊन आधी त्या मुलीची माफी माग, आणि तीही आवाज न चढवता.
मागितली. तिने मान डोलावली आणि मला दादा म्हणाली. दुरुस्त केलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या निकालाची मीटिंग. सगळी उत्तरं तिने वाचली आहेत, म्हणजे माझं पत्रही वाचलं आहे. सकाळी प्रिंटरजवळ माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. नंतर एक सुस्कारा. प्रेमात माणूस सुस्कारे टाकतोच.
शर्ट इस्त्रीला दिला. तेरवा रविवार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मीटिंग. आत्या म्हणाली, एक चमत्कार घडलाय. गोष्ट असो, सूचना, तक्ता की पत्र, एरवी एका प्रकारात हुशार असलेली मुलं दुसऱ्यात गडबडतात. ह्या चार मजकुरांत कोणी गडबडलंच नाही. सगळ्यांनी एकसारखी उत्तरं दिली, पुराव्यासकट. चुकली ती फक्त नमुना उत्तरं.
चारही उत्तरं बदलायची शिफारस आत्याची नव्हे, तिची होती. शेरा तिने मीटिंगमध्ये वाचून दाखवला: लेखकाचे उत्तर मजकुराशी जुळत नाही, मुलांचे जुळते. आवाज अगदी सरळ. टोमणा नाही, काही नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.
मीटिंगनंतर प्रिंटरजवळ गेलो. टेबलावर बसलो नाही. विचारलं, हे ऑफिसचं मत की तुमचं स्वतःचं? म्हणाली, दोन्ही. मग म्हणाली, मी पहिल्या दिवसापासून नको म्हणतेय, तुम्ही ऐकतच नाही, मुलांनी एका वाचनात ऐकलं. रागावली नव्हती. थकली होती. ते मला आज पहिल्यांदा दिसलं.
सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ठीक आहे, आता मला काम करू द्या.
करू दिलं.
जाता जाता आत्याने सांगितलं की माझे मजकूर चौथीसाठी फारच सोपे निघाले. दुसरीला लावणार आहेत. पेपरच्या सुरुवातीला, मुलांना धीर यावा म्हणून.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर आईला कसं सांगावं याची तयारी. तीन प्रकार लिहून काढले. एकात ती परगावी गेली, दुसऱ्यात आजारी पडली, तिसऱ्यात मीच मोठ्या मनाने माघार घेतली.
संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन एवढंच म्हटलं, उद्या कोणी येणार नाही.
आई म्हणाली, माहीत आहे रे. मी मावशीला कळवून ठेवलंय, उद्या आपण तिघं तिच्याकडे येतोय म्हणून.
विचारलं, कधी कळवलंस?
म्हणाली, मागच्या रविवारी. तू सगळं सांगून आत गेलास ना, तेव्हाच.

२२ फेब्रुवारी, रविवार
मावशीकडे गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. मावशीने विचारलं, आज काय विशेष?
बाबा माझ्या आधी बोलले. काही नाही, म्हणाले, पोरगं नोकरीला लागलंय.