फिरकीचा तांब्या

४ नोव्हेंबर १९७३
हुपरीच्या सभेत ऐन रंगात आलो होतो आणि पोटात मुरडा आला. चांदी कारागिरांच्या मजुरीचा प्रश्न, समोर भरलेलं मैदान — आणि मी व्यासपीठावरून उतरून रानात पळालो. परत येतो तर माझं भाषण संघटनेतला माझा जोडीदार श्रीपाल पुरं करत होता. मुद्दे माझे. टाळ्या त्याला!

६ नोव्हेंबर
राजारामपुरीत डॉक्टरांकडे. शौच तपासलं — अमीबा. "सभेला जाता तिथं पाणी कुठलं पिता?" जिथं बोलायचं तिथल्या माठातलं, सगळ्यांदेखत. ते माझं तत्त्व आहे. श्रीपाल घरून फिरकीचा तांब्या आणतो, गाळून उकळलेलं पाणी. जैनाचं घर; सोवळं सुटत नाही. आणि पोट त्याचं ठणठणीत.

८ नोव्हेंबर
मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. जिभेवर सतत तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं. श्यामला म्हणते, "श्रीपालभावजींना बघा, कधी काही होतं का?" म्हणजे आता माझ्या घरातही तोच.

१८ नोव्हेंबर
संपाची मोठी सभा पुढच्या महिन्यात. कारागिरांचा तवनाप्पा भर बैठकीत म्हणाला, "या खेपेला श्रीपालच बोलूदे की. तुमचं पोट दगा देतंय." सगळे हसले.
मी उठलो. म्हणालो, "ज्याला तुमच्या माठातलं पाणी चालत नाही, त्याला तुमचा संप काय पेलणार?"
हशा थांबला. श्रीपाल उठला. तांब्याची फिरकी काढली, पाणी दारात ओतलं, माठाकडे गेला आणि दोन पेले प्याला.
लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी वर्षानुवर्षं तेच पाणी पितोय — मला कुणी एक टाळी दिली नाही.

१९ नोव्हेंबर
दिवसभर तेच डोक्यात. दोन पेले पाण्यावर माणूस मोठा होतो!

५ डिसेंबर
सभा माझ्याकडे आली. श्रीपाल दवाखान्यात — ताप, यकृतात गळू. सकाळी बघायला गेलो. दारातच त्याची बायको, सुरेखावहिनी. म्हणाल्या, "गेल्या साली बी ह्येच झालतं. अमीबा यकृतात गेलता. एमेटिनच्या इंजेक्शनांनी काळीज कमजोर झालं, म्हणून तर तो तांब्या. कुणाला सांगू नको म्हणायचे. पुढारी आजारी दिसला की संप मोडतो म्हणं."
मग तांब्या माझ्या हातात दिला.
"सभेला तुम्ही जाणार न्हवं? ह्ये म्हणाले, अंबादासचं पोट नाजूक हाय. उकळून भरलाय."
अजून कोमट होता.