चावी घरातच होती

३ मार्च, रविवार
खोटं बोललो! पोलीस ठाण्यात, सही करून. "चर्चच्या गाडीची चावी ड्रायव्हरकडेच असते." चावी आमच्या स्वयंपाकघरात होती. गाडी माझ्या मुलीने नेली होती. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींना वळणावर धडक दिली आणि न थांबता घरी आली. "बाबा, पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचंय. काहीतरी करा!" मावशींनी फक्त गाडी ओळखली. मांडीचं हाड मोडलंय त्यांचं.
पोलीस ड्रायव्हरला घेऊन गेले.

४ मार्च, सोमवार
बायको बोलत नाही. ताट वाढते, उठून जाते.

६ मार्च, बुधवार
प्रवचन लिहायला बसलो. महिनाभर बायबलमधल्या संदेष्ट्यांवर बोलेन, असं मीच जाहीर करून बसलोय. देव करार करतो, लोक मोडतात. तो बोलावतो, हे पाठ फिरवतात. वीस वर्षं सांगतोय. आणि "हे लोक" म्हणताना माझं बोट नेहमी समोरच्या बाकांकडे!
एक ओळ उतरली नाही.

७ मार्च, गुरुवार
ड्रायव्हरची बायको आली. दारातच उभी. "साहेब, जामीन होत नाहीये. हे तोंडच उघडत नाहीत. एवढंच म्हणाले, साहेबांना काही विचारू नकोस." मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा."
केली. तिच्यासमोर, डोळे मिटून, मोठ्याने. जीभ झडली कशी नाही माझी?

८ मार्च, शुक्रवार
मावशींना बघायला रुग्णालयात गेलो. पाय वर टांगलेला, तरी थट्टा चालूच — "माझ्याशिवाय गाल का रविवारी? तुमचा सूर म्हणजे आनंदच!" मग हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हर असं करेल वाटलं नव्हतं हो. निदान थांबायचं तरी."
काहीतरी निमित्त काढून पळालो.

१० मार्च, रविवार
"आपण सोडलं तरी देव सोडत नाही," म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी डोळे पुसले. त्यांना धीर आला — मला घाम फुटला! सोडत नाही म्हणजे लपायलाही जागा ठेवत नाही. राजाचं पाप राजाच्या तोंडावर सांगायला माणूस धाडतो. संतापतो, शिक्षा देतो, आणि त्या संतापातही हाका मारतो — परत या. एकदाचं वाऱ्यावर सोडलं असतं मला, तर सुटलो असतो.
जेवताना मुलीला सांगितलं, "उद्या ठाण्यात जातोय."
"तुम्हीच लपवलंत ना? आता तुम्हीच धरून देणार?" ताट सरकवून उठली.
आठ दिवसांनी बायकोने तोंड उघडलं. "मी पण येते."

११ मार्च, सोमवार
दिलं लिहून. फौजदारसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "आता गुन्हे दोन झाले, पाळकसाहेब. एक तुमचा."
मुलगी आमच्या मागोमाग आली, आपल्या पायांनी. तिनेही सही केली. हात धरायला गेलो, तर झिडकारलं. माझं पद जाईल — जाऊ दे! पण पोर माझी?

१३ मार्च, बुधवार
ड्रायव्हर सुटला. तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. पाया पडायला वाकलो, तर त्याने दोन्ही दंड धरून उभं केलं.
"ताईंना गाडी नेताना बघितलं होतं मी. त्याच दिवशी."
"मग तेव्हाच का नाही बोललात?"
"तुम्ही स्वतःहून याल म्हणून."