गाठमाशी

२ मार्च
पोहोचले. खोली छान आहे, खिडकीतून सगळं कुरण दिसतं. कुरण नावालाच, गवत शोधावं लागतं, बाहेरून आलेल्या झुडपाने सगळं गिळलंय. म्हणून तर हे केंद्र. इथे एक बारीक माशी वाढवतात. ती फांदीत अंडी घालते, तिथे गाठ येते, आत अळी पोसते आणि झाड स्वतःला विसरून तिलाच जेवू घालतं. काट्याने काटा काढायचा. प्रमुख बाईंना सगळे माई म्हणतात. माशी दुसऱ्या कशाला शिवत नाही, उपाशी मरेल, असं त्या म्हणाल्या. थेट माझी मोठी जाऊ, मी म्हटलं. खूप हसल्या. माई जेवतात दोघींचं, पण अंगाला काही लागत नाही.

७ मार्च
काम आवडलं. गाठी चिरायच्या, आतली अळी बघायची. टेकडीकडची झुडपं वाळून कोळ झालीत. यांनी फोनवर विचारलं, झुडपं संपल्यावर माश्या काय खाणार? मरतील, मी सांगितलं. रविवारी भेटायला येतायत.

११ मार्च
मनगटाच्या आतल्या बाजूला गाठ. दुखत नाही. माईंना दाखवली. त्यांनी ती अंगठ्याने कुरवाळली, तान्ह्या बाळाची टाळू कुरवाळावी तशी. मग पदर सरकवून स्वतःचा खांदा दाखवला. मी पाहिलं आणि — नंतर लिहीन.

१२ मार्च
खांदाभर गाठी. एकीला भोक होतं, आत रिकामी. माई शांतपणे म्हणाल्या, "झुडपं संपत आली गं. माश्यांनाही जगायचंय. आधी कापून टाकावंसं वाटतं, मग माया लागते."
यांना येऊ नका म्हणून कळवलं. उद्या मीच निघते.

१३ मार्च
बॅग घेऊन थांब्यावर गेले. गाडी आली. पाय उचलेना. प्रवासात तिला धक्के बसतील, असं मनात आलं.
तिला — हे मी लिहिलंय?

१५ मार्च
ब्लेड उकळून घेतलं. टेकवलं. नाही जमलं. रडत बसले. माई पाठीवरून हात फिरवत होत्या.

१७ मार्च
भूक. दोन ताटं, तरी — दंडावर आणखी तीन. कुरणात हिरवं काही उरलं नाही.

१८ मार्च
यांना फोन केला. बरं नाही, लगेच या म्हटलं. मला म्हणायचं होतं, येऊ न —

दार वाजतंय. यांचाच आवाज. माई उघडायला गेल्या. ओरडून सांगते, आत पाऊल टाकू नका. आत्ता सांगते. फक्त ताटातलं एवढं —