चांदणीचा निल रिपोर्ट

४ ऑगस्ट, संध्याकाळ
निवृत्तीचा पासष्टावा दिवस. आज चांदणीचा चार्ज घेतला. गाय तशी बायकोची, मरियमची, कालवड असल्यापासून तिनेच वाढवलेली. पण वाढवणं वेगळं, मॅनेजमेंट वेगळं. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. पाणी, माती, गवत सगळं माझ्याच विषयात येतं. गोठ्यात टाइमटेबल चिकटवलं. चांदणीने दुपारपर्यंत त्यातले मंगळवार आणि बुधवार खाल्ले.

९ ऑगस्ट
शोध लागला. पाटाच्या कडेला पाझराचं पाणी साचतं, तिथे गुडघाभर हिरवंगार गवत आहे. गावातलं एकही जनावर तिथे चरत नाही. लोकांना निरीक्षणाची सवय नाही.
शेजारच्या राहीबाईंनी हटकलं. त्यांच्याकडे चार गाई आहेत, शिक्षण चौथी.
"तिथं गोगलगाया हायेत, सर. आमी न्हाई सोडत जनावर तिकडं."
गोगलगाय गाईच्या मागे लागल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

२५ ऑगस्ट
चांदणी रोज चार तास पाणथळात. मी बांधावर, खुर्ची आणि छत्रीसह. गोगलगाया मोजल्या. २१२. एक दोनदा मोजली गेल्याचा संशय आहे. जिथे इतके जीव सुखाने राहतात तिथलं पाणी शुद्धच असणार. मरियमला सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

२० ऑक्टोबर
सकाळचं दूध सात लिटरवरून पाचवर. क्वांटिटी उतरली की क्वालिटी चढते. मरियम म्हणते, गाय मलूल दिसते, बरगड्या दिसायला लागल्यात. मी म्हटलं, फिटनेस.

६ नोव्हेंबर
जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर धनश्री मॅडमनी चावडीपुढे सगळ्यांना गोळा केलं. वय माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या बॅचइतकं. पाणथळातल्या गोगलगायीतून एक जंत बाहेर पडतो, गवताला चिकटतो, जनावर ते गवत खातं, आणि जंत थेट लिव्हरमध्ये जाऊन बसतो. पानासारखा चपटा. लिव्हर फ्लूक म्हणतात. आकृती बरी काढली होती, फक्त बाण लहान होते. शेवटी मी उभं राहून ते सांगितलं.
उद्या प्रत्येकाने आपल्या जनावराचं शेण डबीत घालून, नाव लिहून आणायचं आहे. तपासणीला जाणार.

७ नोव्हेंबर, सकाळी ७
अडचण. चांदणीचं शेण आज पातळ. गेले पंधरा दिवस पातळच. असं सॅम्पल माझ्या नावाने दवाखान्यात जाणं शोभत नाही.

७ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
राहीबाईंच्या गोठ्यामागून उत्तम नमुना मिळाला. घट्ट, गोल, रंग चांगला. एकच गाव, एकच हवामान. नमुना प्रातिनिधिक असला की झालं. डबीवर सुवाच्य अक्षरात 'चांदणी' लिहिलं. सगळ्यांत नीटनेटकी डबी आमचीच होती.

१२ नोव्हेंबर
रिपोर्ट निल. जंताचं एकही अंडं नाही. लॅमिनेट करून घेतला. मरियमला फार बरं वाटलं. तिने चांदणीला गूळ दिला आणि बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत बसली. रिपोर्ट गोठ्यात लावायला नेला होता, तो तसाच परत आणला. खिळा नव्हता.

१ डिसेंबर
चांदणीचा जबडा खालून मस्त भरलाय. पिशवीसारखा. संध्याकाळी तर अगदी भारदस्त दिसते. नेवाशाकडे पुढच्या रविवारी जनावरांचं प्रदर्शन आहे. 'निरोगी गाय' गटात नाव दिलं. रिपोर्टची प्रत जोडली.

८ डिसेंबर
चर्च चुकवून प्रदर्शन. टेम्पोत चढताना चांदणी दोनदा बसली. प्रवासाची सवय नाही.
परीक्षक धनश्री मॅडमच. चांदणीपाशी थांबल्या. जबड्याखाली अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोळ्याची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. त्या म्हणाल्या, ही सूज आहे, रक्त उरलेलं नाही, लिव्हर फ्लूकचीच लक्षणं. मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उलटून-पालटून दोनदा वाचला. सही त्यांचीच होती. मॅडमचा चेहरा उतरला. मीही गंभीर झालो.
तिथेच औषध पाजलं. नंबर आला नाही.

९ डिसेंबर
मॅडमना वाटतंय, त्यांच्या तपासणीतच चूक झाली. त्या दिवशीच्या सगळ्या, म्हणजे एक्केचाळीस जनावरांचं शेण पुन्हा मागवलंय. सकाळपासून दवाखान्यापुढे डब्यांची रांग. रांग वाकडी होती, मी सरळ केली.

१० डिसेंबर
दुसऱ्या तपासणीतही पहिल्यासारखंच. जे जनावर तेव्हा निल, ते आताही निल. फक्त चांदणीच्या शेणात अंडीच अंडी. मॅडम दिवसभर जेवल्या नाहीत म्हणे. गावात बोलणं सुरू झालंय, नवीन पोरगी आहे, हिच्या कागदाचा काय भरवसा. काहींनी औषध पाजायचंच नाही असं ठरवलंय. मी कोणाला दुजोरा दिला नाही. विरोधही केला नाही.
जेवताना मरियमने सरळ विचारलं, त्या दिवशी शेण कोणाचं नेलं होतं? मी प्रातिनिधिक नमुन्याचं तत्त्व समजावलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. ताट बाजूला सारलं. मग म्हणाली,
"चांदणीला बोलता येत नाही. तुम्हाला येतं."
उठून गोठ्यात गेली. 

११ डिसेंबर, सकाळी ९.१५
मॅडमना व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं. सहा मुद्दे, वर प्रस्तावना. पाचव्या मुद्द्यात मूळ गोष्ट सांगितली. मग पहिले चार काढून टाकले. मग सहावाही. मग प्रस्तावना. उरलं एवढंच: शेण राहीबाईंच्या गाईचं होतं, तुमची तपासणी बरोबर होती, गावाला दाखवा.

सकाळी ११
निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दुपारी १
गावाच्या ग्रुपवर मॅडमनी माझा मेसेज जसाच्या तसा टाकलाय. करण नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने त्या मेसेजखाली अंगठा दिला. मग सगळ्यांनीच दिले. मोजायचं थांबवलं.

संध्याकाळी ५
मॅडमचं उत्तर आलं: "दुसरा डोस एक तारखेला. लिव्हर किती वाचलंय ते तेव्हा कळेल. गाय मरियम मॅडमना घेऊन येऊ द्या."
तीनदा वाचलं. माझ्यासाठी काही काम आहे का ते पाहत होतो.