बाजारातली दोनशे माणसं

१२ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

प्रिय टिल्ल्या,

कसा आहेस वगैरे विचारायचं असतं, म्हणून विचारते. कसा आहेस? इकडे थंडी पडायला लागलीय, माझी मान नेहमीसारखी धरलीय, आणि लेक परवा शेजारी उभी राहिली तर माझ्यापेक्षा बोटभर उंच निघाली. हा व्हिडिओ गेमचा खेळ बनवायला घेतला तेव्हा ती पहिलीत होती. "तीन वर्षांत बाहेर काढू," असं मोठे साहेब छाती ठोकून म्हणाले होते. आता आठवं वर्ष सरत आलंय.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून हे कागदावर लिहितेय. वाचावं तरी लागेल.

तर खेळ संपला. खरंच संपला. मागच्या गुरुवारी तो तबकड्या छापायला गेला, सहा आठवड्यांनी दुकानात येईल. टाळ्या झाल्या, केक कापला, आणि अर्ध्या तासात सगळे आपापल्या खुर्चीत परतले. आनंद करायला अंगात त्राण नको का! ऑफिसात चित्रं काढणारे आपले आजोबा म्हणाले, "बाई, आठ वर्षांत मी एकच दार चार वेळा काढलं. नवं मशीन आलं की दार जुनं दिसायचं." हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

पूर्वी मी पाच वर्षांत चार खेळ बाहेर काढले होते, आठवतंय? तू कॉलेजात होतास, माझ्या नावाने मित्रांपुढे फुशारक्या मारायचास. आता पुढचा खेळ हातात घेतला तर तो येईपर्यंत मी पन्नाशी गाठेन. दमलेय रे. झोपून जाणारा थकवा नाही हा.

बाबांची तब्येत बरी आहे. टीव्हीखाली तो खेळ लावायचा डबा, कन्सोल, अजून आहे. तू ज्या कंपनीच्या कन्सोलसाठी आपला खेळ बसवत होतास, नेमका तोच त्यांनी पहिली जाहिरात पाहून हौसेने आणला होता. "धाकट्याचा डबा" म्हणतात त्याला. रोज फडकं मारतात. दर रविवारी विचारायचे, "आला का गं खेळ?" मी म्हणायचे, "येतोय, बाबा." तो त्या डब्यावर कधीच येणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तीन वर्षं नाही रेटली.

आता नावांच्या यादीचं. खेळाच्या शेवटी सरकत जाते ती. ती करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नियम तुला ठाऊक आहे: तबकडी छापायला जाईल त्या दिवशी जो नोकरीत असेल, त्याचंच नाव. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या पोराचं आहे. तुझं नाही. मी साहेबांकडे दोनदा गेले. "एकाला घेतलं तर तेव्हा काढलेल्या चौदाही जणांना घ्यावं लागेल," म्हणाले. मी म्हटलं, "मग घ्या चौदाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. मी परत येऊन जागेवर बसले. भांडायला हवं होतं, नाही भांडले.

पण यादीच्या अगदी तळाशी, खेळ चालू असताना आमच्याकडे जन्मलेल्या बाळांची नावं असतात ना, ती स्वागतकक्षातल्या मावशी पहिल्यापासून लिहून ठेवत होत्या. एकोणचाळीस बाळं. त्यांना नोकरीचा नियम लागू करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यात तुझी चिमणी आहे. मी पाहिलं, आणि शिताफीने पान उलटलं.

रविवारी यादीची प्रत बाबांकडे घेऊन गेले. वाटलं, नातीचं नाव पाहून म्हातारा खूश होईल. झालेही. भिंग घेऊन बसले, चिमणीच्या नावावर बोट ठेवलं, दोनदा मोठ्याने वाचलं. मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी म्हटलं, "बाबा, अकराशे नावं आहेत, कशाला डोळे शिणवता?" "तू चहा टाक," म्हणाले. चहा झाला, गार झाला. तासाभराने भिंग खाली ठेवून विचारलं, "पोरगी आहे. तिचा बाप कुठाय?"

मग मी सगळं सांगितलं, टिल्ल्या. तुला न सांगितलेलंसुद्धा. त्यांना सांगितल्यावर तुला न सांगणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा झाला असता.

आपला खेळ फक्त दुसऱ्या एका कंपनीच्या कन्सोलवर येणार, बाबांच्या डब्यावर नाही, असा करार झाला आणि मी मीटिंगच्या खोलीत कामावरून काढायची तुमची चौदा नावं वाचली, तेवढं तुला माहीत आहे. मला ते आदल्या दिवशी कळलं असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. मला चार महिने आधी माहीत होतं. त्या चार महिन्यांत तू एकदा माझ्या टेबलाशी आलास आणि विचारलंस, "ताई, दुसरीकडून बोलावणं आलंय, चांगलं आहे, जाऊ का?" मी म्हटलं, "थांब रे, तुझ्याशिवाय अडेल."

आणि अडणारच होतं. कारण तुमची आवृत्ती चालू आहे हे दिसल्याशिवाय ती दुसरी कंपनी कराराची रक्कम वाढवून देणार नव्हती. तू केलेलं काम खेळणाऱ्यांसाठी नव्हतंच रे, सौद्याच्या टेबलावर दाखवण्यासाठी होतं. साहेबांनी मला सांगितलं, "धाकट्याला धरून ठेव." मी धरून ठेवलं. मला बढती मिळाली. ती मी घेतली.

परवा यांच्याकडून कळलं. तू त्यांना म्हणालास, "भावोजी, माझं कामच कच्चं असणार, नाहीतर सख्ख्या बहिणीने काढलं असतं का?" आणि म्हणून तू हे क्षेत्र सोडून शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलायस, म्हणून बाबांचा फोन घेत नाहीस. तीन वर्षं तू हे उराशी धरून आहेस, आणि मी तुला धरू दिलं.

नीट ऐक. खेळातल्या बाजारात तू दोनशे माणसं चालवून दाखवली होतीस, मशीन न अडखळता. आत्ता जो खेळ दुकानात येतोय, त्यात एकशे चाळीसच आहेत. त्यापुढे गेलं की चित्र थांबतं. तीन वर्षं डोकी फोडली सगळ्यांनी, कुणालाही जमलं नाही. तुझी आवृत्ती जास्त चांगली होती. हे मला त्या खोलीत नावं वाचतानाही माहीत होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तू आता जा." सोमवारी फोन केला, त्यांनी घेतला नाही. काल केला, नाही घेतला. बरोबरच आहे त्यांचं. पण आज त्यांनी शेजारच्या काकूंकडून निरोप पाठवला, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी: "धाकट्याला म्हणावं, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, त्याने पाच वर्षं काय काय केलं ते."

मला माफ कर असं लिहिणार नाही. तो तुझा प्रश्न. मला उत्तर पाठवू नकोस हवं तर, अंगठाही नको. बाबा दुपारची झोप काढून चारला उठतात, साडेचारपासून फोनजवळ बसतात. त्यांना फोन कर, आणि त्या बाजारापासून सुरुवात कर.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई