घड्याळाची खंडेनवमी

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी.

सकाळी पूजा. पाटावर कोयता, पक्कड, पाने, माझी पलटणीतली सुरी, सौ.ची विळी आणि कात्री. एवढ्यावर थांबेल ती सौ. कसली. माझ्या मनगटावरचं घड्याळ उतरवून घेतलं. "रोज अंगावर असतंय, मग हत्यारच की." म्हटलं, बाई, हे पावलं मोजतं, मुंडकी नाही. ऐकतंय कोण. गोमूत्र शिंपडलं, हळदीकुंकू लावलं, झेंडू ठेवला आणि वरून लाल नाडा आवळून बांधला. नाडा नेमका बाजूच्या बटणावर. बटण दबून राहिलं.

थोड्या वेळानं त्यात उजेड पडला. इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. काचेवर कुंकू, वाचता येईना, म्हणून अंगठ्यानं पुसलं. अंगठा होकारावर पडला असणार. थरथरलं, काळं पडलं आणि उठलं ते 'हॅलो' म्हणत. मग चिनीत, मग आणखी कसल्या कसल्या भाषेत. वर्षभर मनगटावर बसून माझा घाम प्यायलं आणि आता म्हणतं, तुम्ही कोण.

सौ. म्हणाली, पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आधी हलवत नसतात, हात लावला म्हणून झालं. म्हणजे चूक पुन्हा माझीच.

२ ऑक्टो. दसरा.

सोनं वाटायला लोक येऊन गेले. मग घड्याळ आणि फोन शेजारी शेजारी ठेवून बसलो. फोन म्हणतो, शोधतोय. अरे शोधतोस काय, वीतभर अंतरावर पडलंय. घड्याळ म्हणतं, फोनची वाट पाहतोय. दोघं नवराबायको रुसल्यासारखे.

मी सिग्नलचा माणूस. बर्फात गाडलेल्या चौक्यांशी वायरलेस लावला, बोटं सुन्न, बॅटरी अर्धमेली, तरी लावला. आणि हे चिनी डबडं मला गोल गोल फिरणारा ठिपका दाखवतं.

घड्याळ चि.नं आणलेलं. मागल्या वर्षी माझ्या छातीत स्प्रिंग बसवली तेव्हा हॉस्पिटलातच मनगटाला बांधलं. नाडी बघतं म्हणे. फोनला त्यानंच जोडून दिलं. मग दिवाळीनंतर इथली एमआयडीसीतली नोकरी सोडून चिरंजीव सांगलीला, सासऱ्याच्या हळदीच्या पेढीवर. राहायलाही तिथंच, वरच्या मजल्यावर. पाव्हण्यांच्या लग्नात मी चारचौघांत घरजावई म्हणालो. भरल्या ताटावरून उठून गेला. तेव्हापासून तो मला फोन करत नाही, मी त्याला करत नाही. सौ. बोलते, मागच्या दारी जाऊन. खोटं काय बोललो होतो मी?

४ ऑक्टो., शनि.

काल दिवसभर तेच. शेजारचा पवार हवालदार आला. पेन्शनीत निघाल्यापासून त्याला सगळ्यातलं कळतं. "सायब, फोनातलं ब्लूटूथ बंद करा न् चालू करा." केलं. "फोन बंद करून चालू करा." केलं. "घड्याळ फोनाच्या लय जवळ धरताय, जरा लांब धरा." लांब धरलं. मग म्हणाला, फोनात घड्याळाचं जुनं नाव बसलंय, ते आधी पुसा, त्याशिवाय नवीन घेत न्हाई. हे मात्र बरोबर निघालं. आंधळ्यालाही कधीमधी वाट सापडते.

आज जुनं नाव पुसलं. ॲप काढून टाकून परत घातलं, माझ्या नावानं. फोनवर आकडा आला, घड्याळावर तोच आकडा. जुळतो का विचारलं, जुळतो म्हटलं. मी आणि पवार, आम्ही एकमेकांकडं बघून हसलोसुद्धा.

आणि मग पाटी. पवारनं अडखळत वाचली, मी परत वाचली. हे घड्याळ दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे, आधीच्या मालकाला काढायला सांगा. खाली मालकाच्या नावाची पहिली अक्षरं, पुढं नुसत्या चांदण्या. अक्षरं चि.ची.

मालक म्हणे. मनगट माझं, नाडी माझी, मालक सांगलीत.

५ ऑक्टो., रवि.

पोवई नाक्यावर मोबाईलच्या दुकानात. मालक पोट सुटलेला, गळ्यात चेन, डोळे स्वतःच्या फोनात. मान वर न करता म्हणाला, "ज्याचं खातं त्यालाच सांगा, काका. आपल्या फोनातनं काढून टाकंल. मिनिटाचं काम."

म्हटलं, तुमच्याकडं दुसरा काही उपाय?

"नवीन घ्या."

ह्याला म्हणतात कारागीर. पूर्वी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून आत बघायचा. हा बाहेरूनही बघत नाही. आणि सुभेदाराला काका. बाहेर पडलो.

मिनिटाचं काम. बरोबर आहे. ते मिनिट माझ्याच्यानं होणार नाही, एवढंच.

७ ऑक्टो., मंगळ.

काल कोजागरी. गच्चीवर दूध आटवलं. दुपारपासून सौ.चा फोन सारखा वाजत होता, ती सारखी मागच्या दारी. आली की माझ्याकडं बघायची. "छातीत कसं वाटतंय?" म्हटलं, होती तिथं आहे. "आज फिरायला गेलावता न्हवं?" डोळ्यांदेखत गेलो होतो. ह्या बाईचं काहीतरी बिनसलंय.

आज सकाळी फिरून येतोय तर पवार फाटकात उभा. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सायब, बरं हाय न्हवं?"

"का? मरायला पाहिजे होतं?"

"तसं न्हाई. तुमच्या पोराचा फोन आलता. म्हणला, घड्याळ काय बी सांगंना झालंय, जरा घरात जाऊन बघून या."

कुणाला काय सांगंना, विचारलं. जीभ चावली त्यानं, दिसलं मला.

८ ऑक्टो., बुध.

सौ.ला समोर बसवलं. आधी पदर, मग डोळे, मग सगळं बाहेर आलं.

हॉस्पिटलात जोडलं तेच मुळी त्यानं आपल्या खात्यावर जोडलेलं. माझी नाडी, झोप, फिरणं, सगळं वर्षभर त्याच्या फोनवर. म्हणजे मी इथं साताऱ्यात अंथरुणावर कूस बदलली की सांगलीत खबर. सैन्यात शत्रूचा बिनतारी संदेश चोरून ऐकायचं काम आम्ही करत होतो. आता पोटचं पोर माझ्यावर करतंय. पावसाळ्यात मी एक दिवस फिरायची दांडी मारली की सौ. संध्याकाळी बरोबर टोचायची. मला वाटायचं, ही बूट बघते, चिखल नाही म्हणून ओळखते. कसली ओळखते. सांगलीहून कळायचं.

"सकाळी तुमचं फिरणं झालेलं दिसलं का मगच पेढी उघडतो," सौ. म्हणाली. "त्याचा सासरा हसतो त्याला. गिऱ्हाईक ओट्यावर उभं आन् ह्यो फोनात बघत बसलेला."

खंडेनवमीला आणि दसऱ्याला नाडी आली नाही तर गप्प बसला. घड्याळ पूजेत ठेवलं असणार, एवढी अक्कल अजून शाबूत आहे. तिसऱ्या दिवसापासून धीर सुटला. आईला विचारलं तर आई म्हणे, समदं बरं हाय. नाडा तिनंच बांधलेला, घड्याळ बिघडलं म्हणून कसं सांगणार. आणि छातीत कळ आली होती तेव्हाही तिनं त्याला बरं हाय असंच सांगितलं होतं. म्हणून ह्या वेळी त्याचा आईवर विश्वास बसेना.

बापाशी बोलायचं नाही, बापाची नाडी मात्र मोजायची. ही कुठली रीत? मर्द असेल तर फोन करून विचार, जिवंत आहात का. मी सांगितलं असतं.

राग आला. लय राग आला. जेवलो नाही नीट.

९ ऑक्टो., गुरु.

सौ.ला म्हटलं, त्याला कळव, आपल्या खात्यातून काढ म्हणावं. मग मी माझ्या नावावर जोडतो. सांगलीचा पहारा उठला.

सौ. म्हणाली, "मी न्हाई सांगायची. वरीसभर तुमच्या दोघांच्या मधी पळाले, आता पाय दुखतात." सरळ भाजी निवडायला बसली.

दुपारी सूनबाईचा फोन सौ.ला. माझ्या कानावर पडावं म्हणून सौ.नं आवाज मोठा केला, मुद्दाम. सूनबाई म्हणाली, "मामांना म्हणावं, हे काढतो म्हणालेत. खरं एकदा काढलं की आमाला इकडं काय दिसणार न्हाई. म्हणून मामांनी स्वतः सांगू दे म्हणतात. 'काढ' एवढंच म्हणू दे. दुसरं काय बोलायचं नसलं तर नको."

आला मोठा शहाणा. वर्षानं बापाचा एक शब्द मागतो आणि तोही असला.

फोन हातात घेतला. नाव काढलं. परत ठेवला. नेटवर्क बरोबर नव्हतं.

१० ऑक्टो., शुक्र.

नेटवर्क चांगलं आहे. तरी लावला नाही.

विचार केला. फोनवर कशाला? ज्याची वस्तू त्याच्या तोंडावर नेऊन टाकावी. तू मालक, घे. उद्या दुपारच्या गाडीनं सांगली. सौ.ला सांगितलं तर तिनं कारण विचारलं नाही. कंदी पेढ्यांचा बॉक्स आणायला पवारला पिटाळलं. म्हटलं, मी भांडायला चाललोय. "मग काय झालं, रिकाम्या हातानं भांडाय जातात व्हय?"

११ ऑक्टो., शनि. सांगली स्टँड, गाडी लागायची आहे.

पेढी शोधायला लागली नाही, नाकानं नेलं. शिंका आल्या. पायरीवर हळद, गादीवर हळद, फोनच्या बटणांत हळद. दहा वर्षं ज्याला इस्त्रीच्या शर्टात शाळेत धाडलं त्याच्या कॉलरला हळद.

व्याही उठून उभे राहिले. "या की ओ सुभेदारसाहेब, बसा." चि. पोत्यांपलीकडं. केस गेलेत पुढून. म्हणाला, "आबा." एवढंच. मी घड्याळ काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि रस्त्याकडं बघत बसलो.

त्यानं फोन काढला. दोन्ही शेजारी ठेवली. बोटं झरझर. मग थांबला. फोन माझ्याकडं वळवला. पाटी होती, हे घड्याळ खात्यातून काढायचं का.

"काढू?"

वाटेत कराडपासून तो शब्द तोंडात घोळवत आलो होतो. तेवढ्यात चहा आला. चहा घेतला. चहात साखर जास्त, ते बोललो. चि. तसाच अंगठा धरून बसलेला. स्क्रीन विझली. त्यानं परत लावली. परत विझली. तिसऱ्यांदा घड्याळच म्हणालं, आधी मला अपडेट पाहिजे. लागलं फिरायला त्याचं चाक. धन्य ते यंत्र.

व्याह्यांनी घड्याळाकडं नाही, सूर्याकडं बघितलं. "चला, मावळायच्या आत जेवून घेऊ." त्यांच्यात रात्री जेवत नाहीत. चातुर्मास म्हणून कांदा नाही, बटाटा नाही. चि.पण बसला पंगतीला, मुकाट. आमच्याकडं असताना रात्री दहाला उठून मटणाचा रस्सा गरम करायचा हा. आता बघा. वाटणाशिवायची डाळ ओरपतोय. जेवण चांगलं होतं, ते असो. सूनबाईनं माझ्या पानात मीठ कमी घातलं होतं. डॉक्टरनं सांगितलेलं तिला कुणी सांगितलं, विचारलं नाही.

खाली आलो तरी चाक फिरतंच होतं. गाडीची वेळ. चि. स्टँडवर सोडायला आला, मोटरसायकलवर. त्याच्या खांद्याला धरावं लागलं, रस्ते तसे आहेत.

उतरल्यावर म्हणाला, "अपडेट झालं की पाठवून देऊ घड्याळ?"

म्हटलं, ठेव तुलाच. मला नको ते डबडं.

उभा राहिला. लहानपणी मार खाल्ला की असाच उभा राहायचा, खालचा ओठ आत घेऊन. मग म्हणाला, "मग मला कसं कळंल?"

मी म्हणालो, "फोन कर की. फोन कशाला असतोय?"

गाडीला किक मारली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू, जावंच लागलं त्याला.

पेढे त्याच्याच गाडीच्या हुकाला राहिले. वर नेऊन दे म्हणून सांगायचं राहिलं.

१२ ऑक्टो., रवि.

फिरून आलो. लांबची फेरी मारली. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ, पवारनं विचारलं, दुरुस्तीला टाकलंय म्हणून सांगितलं.

फोन जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. आवाज पूर्ण वाढवलाय, रविवारी पेन्शन संघटनेवाल्यांचे येतात म्हणून. सौ. म्हणाली, "तुमीच लावा की." म्हटलं, त्यानं करायचं ठरलंय. "कवा ठरलं?" ठरलंय.

मघाशी एकदा वाजला. कर्ज पाहिजे का विचारणारी बाई. असली झापली तिला. सकाळच्या पारी लोकांचे फोन अडवून बसतात, नालायक.

रविवारी पेढी उशिरा उघडत असेल. नाहीतर विसरला असेल, आता काय, तिकडचा झाला तो. चहा दोनदा गार झाला. सौ. आत खोबऱ्याची चटणी करायला लागली. मिक्सर लावू नको म्हणून सांगितलं. फोन ऐकू येत नाही.