केळीखालची अंडी

किन्हीराजा,
चैत्र वद्य अष्टमी, शके १८५९

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या चरणी प्रयागचा दंडवत.

इकडे सगळे ठीक. शालिग्रामभाऊची हळद शिजवून अंगणात वाळत घातली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? एरंडाचे पान गरम करून बांधत जा. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुमचे चिरंजीवच वाचून दाखवतील. त्यांनी एकही ओळ गाळू नये.

आपला गडी जगदेव निरोप घेऊन आला. अक्षय्य तृतीयेला मंगरूळपीरच्या तुळसाशी तुमच्या चिरंजीवांचे दुसरे लग्न. थोरलीने आपल्या हाताने नवरीला हळद लावली की गावाला बोलायला जागा राहत नाही, म्हणून मी यावे.

त्याचे उत्तर देते. आधी कासवांचे.

पाणी स्वच्छ राहावे म्हणून मामंजींनी आपल्या विहिरीत कासवांची जोडी सोडली होती. मोठे ते नर, लहान ती मादी, असे त्यांनीच ठरवले. पिल्ले काही झाली नाहीत. फाल्गुनात मला माहेरी धाडलेत, तेव्हा लहान कासव टोपलीत घालून माझ्या मांडीवर ठेवलेत. "घेऊन जाय इले बी. दोघीबी सारख्याच वांझोट्या." आपल्या धनजची शीव येईपर्यंत मी रडले. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

आता जगदेव सांगतो, गाळ काढायला विहीर उपसली, तेव्हा मोठ्या कासवाला परसात केळीखाली ठेवले होते. "वैनी, त्या नरानं माती उकरली अन् अंडे घातले ना! मोठी माय म्हणते, देवाची करणी हाय."

सासूबाई, मी पोट धरून हसले. नराने अंडी घातली हे तुम्ही मानाल, पण आपण चुकलो हे मानणार नाही!

मी माझे कासव उलटे करून पाहिले. शेपटी लांब नि जाड, पोट आत गेलेले. भाऊच्या मळ्यात दरवर्षी अंडी घालणारी कासवी आहे, तिलाही उलटवले. तिची शेपटी एवढीशी, पोट सपाट. म्हणजे तुमची वांझोटी हा नर आहे. मादी ती मोठी. विहिरीत चहूकडे दगड, ती बिचारी अंडी घालणार कुठे? तुम्ही अंगापिंडावरून ठरवून मोकळे झालात, उलटून कुणी पाहिलेच नाही.

आम्हाला मात्र पाहिले आहे. गेल्या दिवाळीनंतर देवदर्शनाचे सांगून आम्ही अमरावतीला गेलो, ते डॉक्टरकडे. त्यांनी दोघांनाही तपासले. काय सांगितले ते मी बोलणार नाही. परतताना तुमच्या चिरंजीवांनी माझा हात धरला होता, "माह्या जिवाची आन हाय तुले, कोनाले सांगू नको." तेव्हा मला त्यांची फार दया आली. त्या दयेपायी तुमचे सगळे टोमणे गिळले. शपथ आजही मोडलेली नाही. मी फक्त कासवांचे लिहिले आहे.

हळद लावायला मी येणार नाही. चार वर्षांनी त्या तुळसाच्या मांडीवरही टोपलीच ठेवाल ना? तिच्या अंगाला माझा हात लागणार नाही.

चतुर्दशीला मी येते आहे, नांदायला. कासव बरोबर आणते आहे. दार लावलेत तर ओट्यावर बसेन, मग गाव विचारेल त्याला उत्तर तुम्ही द्या. अंडी केळीखालीच राहू द्या, मुंगसापासून जपा.

आता वाचणाऱ्याला दोन शब्द. तुमचा आवाज कुठे अडखळला, ते मला इथे बसून कळते. आई समोरच आहेत. डॉक्टर काय म्हणाले, हे त्या आता विचारतील. शपथ मला घातली होती, तुम्हाला कुणी घातलेली नाही.

धनजच्या घरची एकुलती सून,
प्रयाग